आधी तोंड उघडू द्या, मग दात

पत्र:

मॅडम, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. यांचं वय ४४. बाजार समितीत एका अडत्याकडे हर्रास पुकारायचं काम करायचे, आणि तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. मागच्या पोळ्यानंतर उजव्या गालाला आणि खालच्या हिरडीला कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये उजवीकडचा अर्धा खालचा जबडा, गाल आणि मानेतल्या गाठी काढल्या. छातीचं मांस फिरवून आत लावलं. हाड लावलं नाही. मग ३० शेक (रेडिएशन) झाले. शेक संपून तीन महिने झालेत. डॉक्टर म्हणतात आजार साफ आहे, तपासणीला येत राहा, दातांचं नंतर बघू.

पण तोंडात जेमतेम एक बोट जातं. जबडा उजवीकडे सरकतो, दातावर दात बसत नाही. पेज आणि दूध एवढंच पोटात जातं, पाणी पिताना ठसका लागतो. बोललेलं मला कळतं, बाकी कुणाला कळत नाही, म्हणून फोनवर, दुकानात, दवाखान्यात सगळीकडे मीच बोलते. बाहेर निघाले की तोंडाला दुपट्टा गुंडाळतात. आतल्या मांसाला केस आलेत, हे तर कुणाला सांगायचीही लाज वाटते. डावीकडची एक दाढ हलते आहे. इथले दाताचे डॉक्टर म्हणाले काढून टाकू, सोमवारी बोलावलंय. मागच्या आठवड्यात यांच्या खिशात सुपारीची पुडी सापडली, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे, तिथेही यायचं नाही म्हणतात. हे पुन्हा बोलतील का? भाकरी खातील का?

उत्तर:

ताई, आधी दाढेचं. सोमवारी ती दाढ काढू नका.

शेक घेतलेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी होतो. तिथली दाढ उपटली तर जखम भरून येईलच असं नाही. हाड उघडं पडतं, कुजू लागतं आणि मग उरलेल्या जबड्याचंच दुखणं होऊन बसतं. हा धोका वर्ष-सहा महिन्यांत संपत नाही, जन्मभर राहतो. गावातल्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांना शेकाचे कागद दाखवले होते का, एवढंच विचारते. डाव्या बाजूला नेमका किती शेक बसला ते रेडिएशनच्या डॉक्टरांच्या कागदावर असतं. ते बघून, संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून मग ठरवायचं. बऱ्याचदा रूट कॅनाल करून, घासून, बांधून दाढ ठेवता येते. काढावीच लागली तर ती काळजी घेऊन, मोठ्या ठिकाणी काढतात. दाढ हलण्याचं कारणही कळायला हवं. साधी हिरडी खराब असेल, पण आजार परत आलेला नाही याची खात्री ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनीच करायची.

शिवाय ती दाढ आपल्याला लागणार आहे. कशी, ते पुढे सांगते.

तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’ असं आहे. पण त्याला क्रम आहे. आधी तोंड उघडणं, त्याबरोबर गिळणं, मग बोलणं आणि सगळ्यात शेवटी दात. घरोघरी हा क्रम उलटा धरलेला दिसतो. दात बसले की सगळं होईल, या आशेवर माणसं महिनोन्‌महिने नुसती थांबतात, आणि तोवर तोंड आणखी आवळत जातं. ‘दातांचं नंतर बघू’ हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. त्यातलं ‘नंतर’ येईपर्यंत काय करायचं, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तोंड का आवळतं? ऑपरेशनचा व्रण आक्रसतो. शेकांमुळे चावण्याचे स्नायू ताठरतात आणि ते ताठरणं शेक संपल्यावरही कित्येक महिने चालूच राहतं. त्यात खर्रा खाणाऱ्यांचा गाल सुपारीमुळे आधीच आतून चामड्यासारखा झालेला असतो. ऑपरेशनच्या आधी यांची किती बोटं तोंडात जायची, ते आठवून बघा. दोनच जात असतील तर आता तीन जाण्याची अपेक्षा धरू नका, दोन मिळवायची.

धडधाकट माणसाचं तोंड ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी जातात. ३५ च्या खाली आलं की आम्ही त्याला आवळलेलं तोंड म्हणतो. एक बोट म्हणजे १५ च्या आसपास. घरात शाळेची पट्टी असेलच. वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. दर रविवारी एकदाच. रोज मोजलं तर जीव कंटाळतो, फरक दिसत नाही.

आता व्यायाम. औषधाच्या दुकानात जीभ दाबायच्या लाकडी चपट्या काड्या मिळतात. त्या नाही मिळाल्या तर आइस्क्रीमच्या कोऱ्या, स्वच्छ काड्या चालतात. आरशासमोर ताठ बसायचं. डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये जितक्या सहज मावतील तितक्या काड्यांची थप्पी ठेवायची. मग थप्पीच्या मधोमध आणखी एक काडी हळूच सरकवायची. ताण जाणवेल. तो ताण अर्धा मिनिट सोसायचा, काड्या काढायच्या, थोडं थांबायचं, पुन्हा करायचं. एका बैठकीला पाच वेळा, दिवसातून पाच बैठका: उठल्यावर, न्याहारीआधी, जेवणाआधी, संध्याकाळी, झोपताना. ताण हवा, कळ नको. चमक निघाली किंवा रक्त आलं तर त्या दिवशी एक काडी कमी. हलणाऱ्या दाढेवर काड्या ठेवू नका, शेजारच्या पक्क्या दातांवर ठेवा. ती दाढ तपासून होईपर्यंत जोर बेताचाच ठेवा. पहिली बैठक फिजिओथेरपिस्टच्या किंवा आमच्यासारख्या स्पीच थेरपिस्टच्या समोर झालेली बरी.

व्यायामाआधी गालाला कोमट फडकं लावलं तर आखडलेपण थोडं सैलावतं. पण यांचा उजवा ओठ आणि हनुवटी बधिर असणार, कारण जबड्याबरोबर तिथली नसही जाते. त्यांना चटका कळणार नाही. फडकं आधी तुमच्या मनगटावर लावून बघा. चहाचंही तेच.

सरकणाऱ्या जबड्यासाठी दुसरा व्यायाम आहे. उजवीकडचं हाडच नाही, त्यामुळे उरलेला जबडा व्रणाच्या ओढीने उजवीकडे जातो. आरशासमोर उजवा तळहात हनुवटीच्या उजव्या बाजूला ठेवायचा, जबडा हलकेच डावीकडे रेटायचा आणि तसाच धरून हळूहळू तोंड मिटायचं. वरच्या दोन पुढच्या दातांमधली फट आणि खालची फट एका रेषेत येते का ते बघायचं. पहिल्या आठवड्यात येणार नाही. हाताने रेटून जबडा जागेवर येतो की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

कारण हाताने येत असेल तर तेच काम एक साधन करू शकतं. कवळीच्याच ॲक्रिलिकचं असतं ते. खालच्या डाव्या दातांवर बसतं आणि त्याला वर उचललेला एक पंख असतो. तोंड मिटताना तो पंख वरच्या दाढांच्या बाहेरच्या अंगावर घासत येतो आणि जबड्याला वाटेवर ठेवतो, म्हणजे डाव्या दातांवर डावे दात बसतात. डॉक्टर त्याला गाईड फ्लँज म्हणतात. ते अडकवायला डावीकडचे दात शाबूत लागतात. म्हणून ती दाढ वाचवा म्हटलं. व्रण जितका जुना आणि घट्ट, तितका या साधनाचा उपयोग कमी, तेव्हा लग्न उरकल्यावर बघू असं करू नका. जबडा जागेवर येतच नसेल तरी मार्ग आहे: वरच्या डाव्या दातांच्या आत, टाळूलगत दातांची दुसरी ओळ असलेली पट्टी करतात. खालचे दात जिथे येऊन टेकतात तिथेच त्यांना चावायला काहीतरी मिळतं.

हे काम दाताच्या प्रत्येक डॉक्टरला येत नाही. कृत्रिम दंतशास्त्राचे, त्यातही चेहरा-जबड्याचं काम केलेले डॉक्टर, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट लागतात. तुम्हाला जवळचं म्हणजे नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, तिथे हा विभाग आहे. मुंबईला कुणी नातेवाईक असतील तर परळच्या टाटा रुग्णालयातही दात-जबड्याचा आणि बोलण्या-गिळण्याचा, दोन्ही विभाग आहेत. आणि हे माप घ्यायला तोंडात साचा जावा लागतो, तो एका बोटाच्या फटीतून जात नाही. दोन तुकड्यांत साचा घेण्याच्या युक्त्या असतात, पण काम अवघड होतं. म्हणजे पुन्हा काड्यांवर आलो.

स्क्रू ठोकून पक्के दात बसवण्याबद्दल कुणी सांगेल. त्याला हाड लागतं आणि उजवीकडे हाड नाही. पायाचं, पोटरीतलं बारीक हाड काढून जबडा घडवतात आणि त्यात दात बसवतात, ही शस्त्रक्रिया आता आपल्याकडेही होते. पण ते दुसरं मोठं ऑपरेशन, शेक घेतलेल्या जागेत, आणि आजार परतत नाही हे बघून मगच. आज त्याचा विचारही करू नका. यांनी फक्त डाव्या बाजूने चावायला शिकायचं आहे, आणि एका बाजूने माणूस रोजचं जेवण जेवू शकतो. भाकरी होईल. चकली, फुटाणे, ऊस होणार नाही, हे आताच सांगून ठेवते.

गिळण्याकडे मात्र आजच लक्ष द्या. पाण्याने ठसका लागतो म्हणजे पाणी श्वासाच्या वाटेकडे वळतंय. ठसका लागतो हे एका अर्थी बरं, कारण काहींच्या बाबतीत न खोकताच आत उतरतं आणि न्यूमोनिया झाल्यावर कळतं. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता येतो का, वरचेवर ताप येतो का, हे बघा. येत असेल तर नाकातून दुर्बीण घालून गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर जेवताना ताठ बसवा, टेकून किंवा आडवं पडून काही देऊ नका. छोटा घोट, डाव्या बाजूला. एका घासाला दोनदा गिळायचं. जेवल्यावर अर्धा तास बसूनच राहायचं. हनुवटी किंचित खाली घेऊन गिळल्याने अनेकांचा ठसका थांबतो, पण यांचा ओठ ओघळत असेल तर त्याने अन्न पुढून सांडेल. करून बघा, जमलं नाही तर सोडा.

सगळ्यात जास्त ठसका पातळ आणि घट्ट एकत्र असलेल्या घासाने लागतो. भातावर पातळ रस्सा, दुधात भिजलेले पोहे, फोडी असलेली कढी. पाणी आधी घरंगळतं आणि घन मागे राहतं. त्यापेक्षा एकजीव, चमच्यावरून सावकाश पडेल असं द्या: तूप घालून घोटलेली मुगाची खिचडी, सैलसर उकडपेंडी, ज्वारीच्या कण्या, ताकातली घट्ट आंबील, मऊ झुणका. भाकरीसुद्धा आजच देता येते, ताज्या भाकरीचा मधला भाग गरम वरणात चुरून, पंधरा मिनिटं झाकून, मग हाताने मळून. त्यात शेंगदाण्याचा बारीक कूट किंवा उकडलेलं अंडं कुस्करा. नुसत्या पेजेवर माणूस झिजतो. आठवड्याला वजन करा, बाजार समितीत काट्यांना काय तोटा. घरात केलेलंच मिक्सरमधून काढा, पण भाजी वेगळी आणि वरण वेगळं. सगळं एकत्र फिरवून करड्या रंगाचा लगदा पुढ्यात ठेवला की कुणाचीही भूक मरते. तिखट काही महिने सोसणार नाही.

दात आणि तोंड सांभाळायचं तर लाळ कमी झाल्याचं लक्षात ठेवा. लाळ नसली की दात झपाट्याने किडतात. लिटरभर कोमट पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा घालून प्रत्येक खाण्यानंतर चुळा. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. फ्लोराइडचं वेगळं औषध दाताचे डॉक्टर देतील, ते मागून घ्या.

केसांची लाज बाळगू नका. छातीची कातडी गालात गेली, छातीवर केस होते, ते तिथे उगवणारच. शेकांनी बऱ्याच जणांचे कमी होतात, काहींचे राहतात. त्यात अन्न अडकून वास येतो आणि माणूस आणखीच गप्प होतो. घरी उपटू नका, ती कातडी बधिर असते आणि जखम झालेली कळत नाही. तपासणीला जाल तेव्हा सांगा, पाच मिनिटांत कापून देतात. लेझरने कायमचेही काढता येतात. डॉक्टरांसाठी ही रोजची गोष्ट आहे.

आता बोलणं. हा भाग तुम्ही वाचा, दादा.

तुमची जीभ शाबूत आहे, हे मोठं भांडवल आहे. जिभेचा तुकडा गेलेल्यांना त, द, न, ल, र, ळ, सगळेच नव्याने शिकावे लागतात. तुमची अडचण मुख्यतः ओठांत आणि कमी उघडणाऱ्या तोंडात असणार. शाळेतली वर्णमाला म्हणून बघा, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. ती घशापासून ओठांपर्यंत अशीच येते, त्यामुळे कुठल्या ओळीला अडतं तेवढ्यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं. माझा अंदाज, प, फ, ब, भ, म ला अडेल. या अक्षरांना ओठ मिटावे लागतात, म सोडून बाकीच्यांना मागे हवाही कोंडावी लागते, आणि तुमच्या उजव्या कोपऱ्यातून ती निसटते. तो कोपरा एका बोटाने हलका दाबून धरा आणि म्हणा: पापा, बाबा, मामा. फरक लगेच ऐकू येईल. त-वर्गाला अडत असेल तर जिभेची कड लावलेल्या मांसाला ओढली गेली असेल, ते थेरपिस्टला दाखवा.

तुमचा धंदाच आकड्यांचा, आणि मराठी आकडे प आणि ब ने भरलेले. पाच, पंचवीस, पन्नास, पंचावन्न, बावन्न, बासष्ट. सरावाला याहून चांगलं काय हवं? सोयाबीनचा भाव पुकारा. ‘पंचेचाळीसशे पन्नास’ एका दमात नको, दोन तुकड्यांत: पंचेचाळीसशे, थांबा, पन्नास. प्रत्येक तुकड्याला नवा श्वास. आवाज चढवू नका, अक्षरं ताणा. हर्रासात घाईने बोलायची सवय असेल, ती आता मोडायची. रोज दहा मिनिटं पुरे, दोन वेळा. रविवारी मोबाइलवर तेच दहा आकडे रेकॉर्ड करा आणि मागच्या रविवारचे ऐका. घरात दुपट्टा काढा. ऐकणारा माणूस अर्धं तुमच्या ओठांवरून समजून घेतो, ते तुम्ही झाकता आणि मग कळलं नाही म्हणून चिडता.

पुन्हा बाजारात उभं राहून शंभर माणसांच्या गलक्यात पुकारता येईल का? मला शंका आहे, आणि खोटी आशा लावणार नाही. पण समोरच्या शेतकऱ्याशी भाव बोलणं, हिशेबाची पट्टी करणं, फोनवर व्यवहार पक्का करणं, यासाठी जेवढं बोलणं लागतं तेवढं मिळवता येईल असं वाटतं. अडत्याशी त्या कामाबद्दल बोलून ठेवा. आणि हे बोलणं तुम्ही करा, घरच्यांनी नाही.

ताई, तुमच्यासाठी त्यातलंच थोडं. तुम्ही मायेने त्यांच्या वतीने बोलता, पण त्यामुळे त्यांना बोलायचं कारणच उरत नाही. सगळं एकदम सोडू नका. दवाखान्यात आणि अडीअडचणीला बोला. किराणा दुकान त्यांचं. त्यांनी वाक्य सुरू केलं की मनात दहा मोजा, मधे पडू नका. कळलं नाही तर मान डोलावू नका, ‘पुन्हा सांगा’ म्हणा. खोटं समजल्याचा आव माणसाला लगेच ओळखू येतो. दोनदा सांगूनही नाहीच कळलं तर तो एक शब्द लिहून दाखवायला सांगा.

सुपारीच्या पुडीबद्दल. तुमचा राग मला समजतो, एवढं सगळं झाल्यावर पुडी! पण भांडून ती सुटत नाही, लपून चालू राहते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि खर्रा प्रत्येक चौकात घोटून मिळतो, मोह पावलोपावली आहे. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरचं कारण आहे, तोंड आवळते ते वेगळंच, हे त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडून ऐकवा. १८००-११२-३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, तंबाखू सोडायला मदत करतात, त्यांनीच फोन लावावा. आणि घरात दुसरं कुणी खात असेल तर त्यांच्यासमोर खाऊ नये, एवढं तरी घरच्यांनी पाळलं पाहिजे.

पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांकडे कधी जायचं? सुधारत असलेलं तोंड अचानक पुन्हा आवळू लागलं, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, मानेत गाठ लागली, कान दुखू लागला, रक्त आलं किंवा हाड दिसलं, तर त्याच आठवड्यात. खांदा वर जात नसेल तर तेही सांगा, मानेच्या ऑपरेशनने तसं होतं आणि त्याचे व्यायाम वेगळे आहेत.

नागपूरला जाताना डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट आणि शेकाचा तक्ता बरोबर घ्या. ऑपरेशन जनआरोग्य योजनेतून झालं असेल तर पुढचं काम त्यात बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी विचारा. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेत सवलत असते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून मिळतो.

लग्नाला न्या. घरून पोटभर जेवूनच निघा, म्हणजे पंगतीत बसायची सक्ती नाही. अक्षता पडल्यावर पाव्हण्यांच्या गर्दीत नको, मागे मांडवाच्या कडेला जिथे बँड ऐकू येत नाही तिथे खुर्ची टाका, एकेक माणूस येऊन भेटेल. कुणी फारच आग्रह केला तर मठ्ठा घेऊ दे, चमच्याने, सावकाश. आधी त्यातली कोथिंबीर गाळून घ्या.